जुन्या गाडीचे पाणी पुन्हा पुन्हा का जाते?



वर्धा शहराला लागूनच आमचे पिपरी मेघे आहे. मी तिथे राहतो आणि पोटापाण्यासाठी मास्तरकी करतो. मोटारदुरुस्ती हा काही माझा धंदा नव्हे. तेव्हा मोटारीच्या पाण्यावर बोलायला हा मास्तर कशाला आला, असे तुमच्या मनात येईल. म्हणून त्याचे कारण आधी सांगतो.

माझ्याजवळ एक जुनी गाडी आहे. तिचे नाव सांगत नाही. दोष नावाचा नव्हता. काही वर्षांपूर्वी आईच्या डोळ्यांच्या उपचारासाठी आम्हाला महिन्यातून एकदा नागपूरला जावे लागे. मे महिन्याचे दिवस होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या पलीकडे जातो, हे वर्ध्याच्या माणसाला सांगायला नको. बरोबर बारावीची परीक्षा देऊन सुट्टीवर आलेला माझा पुतण्या होता. पवनार गेले, सेलू गेले, केळझर ओलांडले आणि समोरचा उष्णतेचा काटा लाल रेघेवर जाऊन टेकला. मी गाडी बाजूला घेऊन बंद केली. पुढून वाफेचा आवाज येत होता. आईला कडुनिंबाच्या सावलीत बसवले आणि पोराला म्हटले, “टोपण उघडून पाणी घाल बघू.”

त्याने फडके धरून टोपण फिरवले. पुढचे सगळे क्षणात घडले. उकळते पाणी कारंज्यासारखे वर उडाले आणि त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. गाडीसाठी म्हणून आणलेले कॅनमधले पाणी आम्ही त्याच्या हातावर ओतत राहिलो. पहिली जी गाडी थांबली तिच्यातून त्याला दवाखान्यात नेले. हात बरा झाला, पण डाग राहिला. तो डाग माझ्या एका वाक्याचा आहे. “उघड” असे मी म्हणालो होतो.

त्या दिवसानंतर हे पाणी का जाते याचा मी पाठपुरावा केला. त्यातून जे शिकलो ते तुम्हाला सांगायला आलो आहे. आपल्या खेड्यापाड्यांत जुन्या गाड्या पुष्कळ आहेत. मारुती ८०० हे वाहन १९८३ च्या डिसेंबरपासून २०१४ च्या जानेवारीपर्यंत तयार होत होते. ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादनही २०१४ मध्येच थांबले. कारखाने थांबले तरी गाड्या थांबल्या नाहीत. त्या हातोहात विकल्या गेल्या आणि शेवटी आपल्यासारख्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. शिवाय जीपगाड्या आहेत, मालवाहू टेंपो आहेत, ट्रॅक्टर आहेत. पाण्याने थंड होणाऱ्या सगळ्या इंजिनांना आजचे बोलणे लागू आहे.

पहिली गोष्ट जिवाची. इंजिन तापलेले असताना रेडिएटरचे टोपण उघडू नये. फडके धरून नाही, काठीने नाही, ‘जरासे सैल करून’ही नाही. का, ते समजून घ्या. कारण समजलेला नियम माणूस विसरत नाही.

घरात प्रेशर कुकर असतो. उघड्या पातेल्यातले पाणी शंभर अंशांवर उकळते. झाकण घट्ट बसवून आत वाफेचा दाब वाढवला, की उकळण्याचा अंशही वर चढतो आणि पाणी एकशेवीस अंशांच्या आसपास तापते. म्हणून डाळ लवकर शिजते. ही युक्ती फार जुनी आहे. डेनिस पापँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली असे बंद भांडे तयार करून दाखवले होते. मोटारीचा रेडिएटर हादेखील एक प्रकारचा कुकरच आहे आणि त्याचे टोपण म्हणजे कुकरची शिटी. त्या टोपणात एक स्प्रिंग असते. ठरलेल्या दाबापर्यंत ती पाण्याला आत कोंडून ठेवते. त्याहून दाब वाढला तर पाणी बाजूच्या नळीने शेजारच्या बाटलीत सोडते.

आता असे समजा, की आत पाणी एकशेदहा अंशांवर आहे. दाबामुळे ते उकळत नाही, मुकाट्याने बसून आहे. तुम्ही टोपण फिरवलेत की दाब एकदम जातो. शंभर अंशांवर उकळणारे पाणी एकशेदहा अंशांवर सापडते आणि त्यातले काही तत्क्षणी वाफ होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती सुमारे सतराशे पट जागा मागते. ती जागा तिला तुमच्या तोंडाच्या दिशेनेच मिळते. कुकरची वाफ जाण्याची वाट आपण पाहतो. तशीच इथेही पाहावी. बॉनेट उघडून अर्धापाऊण तास गाडी थंड होऊ द्यावी. वरचा रबरी पाइप हाताला गार आणि मऊ लागला, म्हणजेच टोपणाला हात लावावा. उशीर झाला तर होऊ द्यावा.

आणि दुर्दैवाने कोणी भाजलेच, तर त्या जागी वीस मिनिटे साधे गार वाहते पाणी सोडावे. हळद, टूथपेस्ट, बर्फ यांतले काही लावू नये. मग दवाखान्यात न्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गाडी नीट होऊन आली, पैसे दिले, आणि महिन्याने पुन्हा पाणी गळू लागले. असे का होते?

माझ्या गाडीची हकिगत ऐका. होळीच्या सुमारास पाणी थोडे थोडे कमी होऊ लागले. दुकानदाराने पाहून सांगितले, “टोपणाचे रबर गेले आहे.” नवे टोपण घेतले. तीन आठवड्यांनी वरचा रबरी पाइप फाटला. तोही नवा घातला. आणखी महिना जातो न जातो, तोच रेडिएटरच्या वरच्या टाकीचा सांधा पाझरू लागला. त्याला डाख देऊन आणला. पाठोपाठ पाण्याचा पंप गळाला. तो बदलला. आणि मग केळझरच्या पुढे दुसरीकडचा सांधा उसवून अर्धे पाणी वाटेतच गेले, तो हा प्रसंग. मी म्हणत होतो, गाडी म्हातारी झाली, एकामागून एक दुखणे निघणारच.

आमच्या भागात एस. टी. च्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक वृद्ध मिस्त्री राहतात. गाडी ओढून त्यांच्या अंगणात नेली. सगळे ऐकून घेऊन ते म्हणाले, “गुरुजी, पाइप फुटला त पाइप बदलला, सांधा उसवला त डाख देला. पन हे सारं काऊन होऊन राह्यलं, हे कोनी पाह्यलं का?”

काऊन, म्हणजे का. वर्गात मुलांना मी रोज हाच प्रश्न विचारतो. गाडीच्या बाबतीत मात्र एकदाही विचारला नव्हता.

मग ते म्हणाले, “बिलं आना घरून. सारी आना.” मी बिले आणली. त्यांनी ती तारखेप्रमाणे ओट्यावर मांडली आणि पहिल्या बिलावर बोट ठेवले. पहिले बिल टोपणाचे होते. पाइप, सांधा, पंप, पुन्हा सांधा, ही सगळी दुखणी त्या तारखेनंतरची. त्यांनी गाडीचे टोपण काढून उलटे करून मला दाखवले. त्यावर १.३ असा आकडा होता. माझ्या गाडीच्या माहितीपुस्तकात मात्र ०.९ लिहिलेले होते. “हे टोपन या गाडीचं नाही,” ते म्हणाले.

हे आकडे काय सांगतात? ०.९ म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला नऊशे ग्रॅम दाब झाला की टोपणाने वाट मोकळी करायची. आपल्या हाताच्या पंजाएवढी, म्हणजे शंभर चौरस सेंटिमीटर जागा घेतली, तर तिच्यावर नव्वद किलोंचा भार झाला. १.३ चे टोपण घातले, की तोच भार एकशेतीस किलोंपर्यंत चढू दिला जातो. रेडिएटरचा पातळ पत्रा, त्याचे डाख दिलेले सांधे आणि पंधरा-वीस वर्षांचे रबर हे ओझे कसे पेलणार? भारी टोपण घट्ट बसते, म्हणून ते चांगले, असे आपल्याला वाटते. पण शिटीवर वरवंटा ठेवलेला कुकर काही चांगला कुकर होत नाही.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, पास्कलचा नियम आपण मुलांना शिकवतो. बंद भांड्यातल्या द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोचतो, असे मुले पाठ म्हणतात. त्याचा एक प्रयोग करून दाखवा. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली घ्या. तिला एकाच उंचीवर सुईने तीन भोके पाडा. तिन्हींवर चिकटपट्टी लावा. एक घट्ट, एक बरी, एक सैल. बाटली पाण्याने काठोकाठ भरा, झाकण लावा आणि दाबा. सैल पट्टी आधी सुटेल. ती पुसून कोरडी करून पक्की लावा आणि पुन्हा दाबा. आता दुसरी सुटेल. तीही पक्की करा, तिसऱ्या भोकातून पाणी येईल. मुलांना विचारा, दोष पट्टीचा की दाबणाऱ्या हाताचा? माझ्या गाडीचे हेच झाले होते. आधी सर्वांत कमकुवत जागा गेली. ती सुधारली, म्हणून तिच्या खालच्या नंबरची गेली. प्रत्येक दुरुस्ती खरी होती आणि तरीही रोग तसाच होता.

पण मिस्त्री तिथेही थांबले नाहीत. पहिल्या ‘काऊन’चे उत्तर मिळाले, की दुसरा ‘काऊन’ उभा राहतो. टोपण भारी असले तरी दाब इतका चढावा कशाला? धडधाकट गाडीत पाणी नव्वद अंशांच्या आसपास राहते आणि टोपणाला आपले काम क्वचितच करावे लागते. तेव्हा पाणी जास्त तापत होते हे उघड होते. त्यांनी इंजिन गरम करून बंद केले, पंखा फिरत नाही याची खात्री केली आणि रेडिएटरच्या जाळीजवळून सावकाश तळहात फिरवला. काही पट्टे गरम होते, काही गार. जिथे गार, तिथे पाणी फिरतच नव्हते. रेडिएटर उतरवून वरची टाकी उघडली, तेव्हा बारीक नळ्यांच्या तोंडाशी पांढरा कठीण थर बसलेला दिसला.

तो थर मी ओळखला. आमच्या घरच्या पातेल्यांना तसाच थर धरतो. आमचे बोअरचे पाणी जड आहे; तापवले की त्यातले क्षार भांड्याला चिकटतात. तीन वर्षे मी त्याच पाण्याची बादली गाडीत ओतत होतो. आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला १८६७ साली पोचली. तेव्हापासून वाफेच्या इंजिनांचे बाष्पक ठरावीक मुदतीने धुवून काढावे लागत, ते याच थरासाठी. रेल्वेला जे तेव्हापासून ठाऊक होते, ते मला मास्तर असून सुचले नाही. म्हणजे गळतीचे शेवटचे टोक केळझरच्या रस्त्यावर निघाले, पण पहिले टोक माझ्या अंगणातल्या नळाशी होते. दुकानदाराला, गाडीला, वयाला दोष देऊन झाल्यावर मी तिथे येऊन पोचलो.

आता तुमच्या गाडीचे पाणी जात असेल तर शोध कसा घ्यायचा, ते क्रमाने सांगतो.

आधी एक वही करा. गाडी रात्रभर थंड झाल्यावर, सपाट जागी, सकाळी पाण्याची पातळी पाहा आणि बाटलीवर खूण करा. किती किलोमीटर चाललो आणि मापाने किती पाणी घातले, हे लिहा. ‘थोडे घातले’ असे लिहू नका. पाव लिटर, अर्धा लिटर असे लिहा. पंधरा दिवसांत गळती वाढते आहे की तेवढीच आहे, हे वहीच सांगेल. मिस्त्रीकडे जाताना ही वही बरोबर न्या.

दुसरे, पाणी कुठून जाते याच्या आधी ते कधी जाते ते पाहा. रात्री गाडीखाली कोरडा पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर थेंब असतील, तर बहुधा रबरी पाइपांची तोंडे आणि त्यांवरच्या क्लिपा पाहाव्या लागतील. गारव्याने रबर आणि धातू आकसतात आणि सैल जागा उघडी पडते. क्लिप कसावी, पण रबर कापले जाईल इतकी नको.

पुठ्ठा कोरडा आणि तरीही पाणी कमी, असे असेल तर गळती तापल्यावरची आहे. तापलेल्या लोखंडावर थेंब पडताच सुकतो. पण मागे खूण ठेवतो. पांढरट, हिरवट किंवा गंजाच्या रंगाचा ओघळ वाळलेला दिसतो. प्रवासाहून आल्यावर इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे बाजूला उभे राहून पाहा. इंजिन थांबले की पाणी फिरायचे थांबते. इंजिनची धग त्यात उतरत राहते आणि थोडा वेळ दाब आणखी चढतो. लपलेली गळती पुष्कळदा याच वेळी तोंड दाखवते. मात्र हात लावू नका, नुसते पाहा.

तिसरे, ओल दिसली की वर चढत जा. पाणी खाली वाहते, म्हणून सर्वांत वरची ओली जागा ती खरी जागा. पंख्याचा वारा थेंब मागे उडवतो, तेही ध्यानात ठेवा. पाण्याच्या पंपाच्या पोटाशी एक बारीक भोक असते. ते कारखान्यानेच ठेवलेले असते. त्यातून पाणी येऊ लागले, तर आतले सील गेले अशी ती सूचना आहे. भोक बुजवू नका, पंप बदला. इंजिनच्या कुशीला पत्र्याच्या वाटीसारखी गोल बुचे ठोकलेली असतात. ती आतून गंजतात आणि कडेने पाझरतात. गाडीला हीटर असेल आणि पायाखालचा गालिचा ओला, चिकट लागत असेल, तर हीटरची छोटी जाळी गळते आहे. आणि एअर कंडिशनर चालू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी टपकले, तर घाबरू नका. हवेतली ओल तिथे जमून थेंब पडतात. ती गळती नव्हे.

चौथे, एवढे करूनही सापडले नाही, तर दाबाची परीक्षा करवून घ्या. टोपणाच्या जागी बसणारा, काट्याचा एक हातपंप असतो. गाडी थंड असताना त्याने हवा भरतात, गाडीच्या पुस्तकात जेवढा आकडा असेल तेवढीच, त्याहून जास्त नाही, आणि पंधरा मिनिटे काटा पाहतात. काटा उतरला तर पाणी कुठेतरी बाहेर निघतेच. याच पंपाने टोपणही तपासून घ्यावे. टोपणात दोन झडपा असतात. एक जास्त झालेला दाब बाहेर सोडते. दुसरी गाडी थंड होताना बाटलीतले पाणी परत आत घेते. ही दुसरी अडकली, तर थंड झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसतो. टोपणाची किंमत सगळ्या दुरुस्तीत सर्वांत कमी. म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तुम्ही आधी पाहा, आणि नवे घेताना आकडा जुळवून घ्या.

पाचवी गोष्ट आतल्या गळतीची. बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी जातेच आहे, असे झाले तर इंजिनच्या हेडखालचे गॅस्केट तपासावे. त्याची लक्षणे सांगतो. इंजिनच्या तेलाच्या झाकणाला दुधाच्या चहासारखा फेस येतो. इंजिन चांगले तापल्यावरही मागून पांढरा, गोडसर वासाचा धूर निघत राहतो. सकाळी थंड गाडी चालू करताच मिनिटाभरात वरचा पाइप दगडासारखा कडक होतो. थंड असतानाच टोपण काढून मग इंजिन चालू केले, तर पाण्यात सारखे बुडबुडे येतात. यांतले एखादेच लक्षण दिसले तर घाई करू नये. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ कोणत्याही गाडीतून येते. मिस्त्रीकडे निळ्या औषधाची एक नळी असते. रेडिएटरमधून जळका वायू येत असेल तर ते औषध पिवळे पडते. तसे झाले तर गाडी चालवणे बंद करा. तापलेल्या इंजिनचे हेड वाकडे होते, आणि शंभर रुपयांचे दुखणे हजारांवर जाते.

आता आपल्याकडच्या काही सवयींविषयी. रेडिएटर गळू लागला की त्यात हळद टाकण्याची युक्ती ड्रायव्हर मंडळींत फार जुनी आहे. रानात अडकलात आणि घर गाठायचे आहे, तर एक वेळ समजू शकतो. पण ती हळद भोकातच जाऊन बसते असे नाही; ती बारीक नळ्यांतही बसते. आज गळती थांबते आणि पुढच्या उन्हाळ्यात गाडी तापते. गळती बुजवणाऱ्या पुड्यांचेही तेच. दुसरी सवय थर्मोस्टॅट काढून टाकण्याची. उन्हाळ्यात तो हवा कशाला, असे म्हणतात. चांगला थर्मोस्टॅट पाणी तापले की आपोआप उघडतो. तो काढल्याने कोंदलेला रेडिएटर मोकळा होत नाही. अडकलेला असेल तर बदलावा, काढून ठेवू नये.

पाणी कोणते घालावे? बॅटरीत घालतात तसले शुद्ध पाणी आणि त्यात कूलंट. पुष्कळांना वाटते, कूलंट बर्फाच्या मुलखासाठी, आपल्या वर्ध्याला काय करायचे? पण त्याने पाणी गोठण्याचे टळते, तसा उकळण्याचा अंशही वाढतो. निम्मे कूलंट आणि निम्मे पाणी असे मिश्रण उघड्यावरही एकशेसात अंशांच्या सुमारास उकळते. शिवाय त्यातली औषधे आतला धातू गंजू देत नाहीत. ते किती मुदतीने बदलायचे, हे गाडीच्या पुस्तकात पाहावे.

मात्र एक सावधगिरी. बहुतेक कूलंटमध्ये एथिलिन ग्लायकॉल असते. ते चवीला गोड आणि पोटात गेले तर जीवघेणे आहे. काढलेले पाणी अंगणात, नालीत किंवा गोठ्याजवळ ओतू नका. कुत्रे, शेळी, वासरू त्याला तोंड लावते. शिल्लक राहिलेले शीतपेयाच्या बाटलीत भरून ठेवू नका. घरात मुले असतात. कोणाच्या पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा.

आणि रेडिएटरची जाळी बाहेरूनही पाहत जा. कापसाच्या हंगामात तंतू, धूळ आणि पाखरे तिच्यात अडकून वारा अडतो. इंजिनकडच्या बाजूने पाण्याची हलकी धार सोडली की ती मोकळी होते. जोराची धार नको, पाती वाकतात.

माझ्या गाडीचे पुढे काय झाले, ते सांगून संपवतो. मिस्त्रीकाकांनी रेडिएटरच्या नळ्या सळईने साफ करून घेतल्या. सगळे रबरी पाइप एकदमच बदलले. ०.९ चे टोपण घातले. शुद्ध पाणी आणि कूलंट भरले. त्यानंतरच्या सहा महिन्यांत बाटलीतली पातळी एक बोटभर उतरली, असे वहीत लिहिलेले आहे. ती वही माझा पुतण्या लिहितो. सुट्टीला आला की सकाळी पहिले काम तेच करतो. टोपणाला हात लावण्याआधी वरचा पाइप दाबून पाहतो, आणि मी जवळ असलो तर मलाही दाबायला लावतो. आईची नागपूरची फेरी एकदाही चुकली नाही.

श्रोतेहो, पुन्हा पुन्हा उद्भवणारे दुखणे गाडीचे असो, विहिरीच्या मोटारीचे असो की शाळेच्या गळक्या छपराचे असो, दुरुस्तीचे पैसे देण्याआधी त्या म्हाताऱ्या मिस्त्रींचा एक शब्द आठवा. काऊन? आणि उत्तर मिळाले, तरी आणखी एकदा विचारा.